नववीतल्या मुलीला कॉलेजसाठी तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एका आईने विचारलेला प्रश्न असा: "मुलगी नववीत आहे, तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत. दर परीक्षेत ८५ टक्क्यांच्या आसपास असते. घरी शेती आणि सहा गाई. पुढे कॉलेजात आणि नोकरीच्या वेळी ती मागे पडू नये म्हणून आत्तापासून काय करावं? फाउंडेशन बॅचची दोन वर्षांची फी ७० हजार सांगतात. तिचा मामा म्हणतो, दहावी झाली की सरळ लातूरला टाका."

ताई, मी तालुक्याच्याच ठिकाणी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये आईवडिलांची रांग असते, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी मला मनातल्या मनात म्हणावंसं वाटतं की दोन वर्षं आधी आला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही वेळेत विचारलंत.

आधी फाउंडेशनचं सांगून टाकतो. ते ७० हजार तूर्त राहू द्या. ते वर्ग वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, पण तिथे शाळेतलंच परत एकदा आणि अकरावीचं थोडं आधी शिकवतात. शिकवलेलं तुमच्या मुलीला कळतंच आहे, ८५ टक्के उगाच पडत नाहीत. कुणी न शिकवलेलं पान ती एकटी बसून वाचू शकते का, हे मात्र अजून कुणी बघितलेलं नाही. अकरावीत पोरं अडकतात ती इथे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीआधी एक मुलगा माझ्याकडे आला. दहावीला ९३ टक्के. म्हणाला, "सर, सायन्स सोडतो, आर्ट्सला जातो." पहिल्या चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ४ पडले होते. मी काही समजूत घातली नाही. पुस्तक उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, हा परिच्छेद वाच, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार. मला वाटलं होतं, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन असल्या शब्दांखाली रेघा येतील. तिथे एकही आली नाही. ते शब्द त्याने कधीच पाठ करून टाकले होते. रेघा आल्या त्या 'हेन्स'खाली, 'व्हेअरॲज'खाली, 'रिस्पेक्टिव्हली'खाली आणि 'प्रोव्हायडेड दॅट'खाली. वाक्यातल्या वस्तू त्याला ओळखू येत होत्या, त्या एकमेकींना कशा बांधल्यात ते कळत नव्हतं. "अमुक नियम लागू पडतो, पण तमुक अट पाळली तरच" अशा वाक्यातली अटच तो गिळून पुढे जायचा, आणि फिजिक्स हा सगळा अटींचाच कारभार आहे.

आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी केली. चाळीसच्या वर काही ती गेली नाही. रोज कॉलेज सुटल्यावर एक परिच्छेद त्याने मोठ्याने वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा. जानेवारीत तो मला न विचारता धडा वाचून येऊ लागला. बारावीला ७१ टक्के पडले, म्हणजे पेपरात फोटो येण्यासारखं काही नाही. आज तो एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे.

तुमच्याकडे हे करायला दोन वर्षं आहेत आणि खर्च जवळपास शून्य. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या ई-बालभारती साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठी माध्यमाचीही आणि इंग्रजी माध्यमाचीही. दोन्हींत धडे तेच, क्रम तोच, आकृत्याही त्याच. नववीच्या विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक उतरवून घ्या, एखाद्या झेरॉक्सवाल्याकडून पहिले दोन धडे छापून आणा. शाळेत 'गतीचे नियम' शिकवून झाला की तोच धडा तिने इंग्रजीतून वाचायचा. अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे भीती वाटत नाही, आणि वाक्यांची बांधणी हळूहळू डोळ्यात बसते. रोज अर्धं पान, त्याहून जास्त नाही. महिन्याभराने उलटं करायचं: धडा शाळेत शिकवायच्या आधी वाचायचा, जेवढं कळेल तेवढं पाच ओळींत मराठीत लिहायचं आणि एक प्रश्न काढायचा. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून विचारायचा. शेवटचा भाग मुलींना सगळ्यात जड जातो, आणि कॉलेजात त्याचीच गरज सगळ्यात जास्त पडते.

इंग्रजी बोलण्याच्या क्लासची मला एवढी घाई वाटत नाही. बोलणं नंतर येतं. मेडिकलच्या प्रवेशासाठीचा नीटचा पेपर मराठीतून देता येतो, इंजिनिअरिंगसाठीची जेईई मेन २०२१पासून मराठीतूनही होते, राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला मराठीचा पर्याय आहे. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. पण परीक्षा मराठीत दिली तरी पुढची पुस्तकं इंग्रजीत असतात, हे कुणी आधी सांगत नाही. म्हणून वाचन.

आता अकरावी नावाच्या वर्षाबद्दल थोडं, कारण पालकांच्या हिशेबात ते वर्ष नसतंच. दहावीचा निकाल, मग ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या. आता ही प्रक्रिया सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे. वर्ग खरे सुरू होईपर्यंत पावसाळा अर्धा सरतो. मुलं 'दहावी झाली' म्हणून सुटल्यासारखी असतात, आणि बोर्डाची परीक्षा नाही म्हणून घरचेही ढील देतात. इकडे फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा 'मॅथेमॅटिकल मेथड्स' म्हणून येतो. त्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची ओळख, जे गणिताच्या सरांनी अजून शिकवलेलं नसतं. दहावीत ९० टक्केवाल्यांचाही पाय इथे घसरतो. सीईटीत अकरावीवर २० टक्केच प्रश्न असतात म्हणून ते वर्ष सोडून देणारे खूप. मी त्यांना सांगतो, अकरावीचा डेरिव्हेटिव्ह न येता बारावीचं इंटिग्रेशन करून दाखव, मग सोड. म्हणून दहावीची परीक्षा ते अकरावीचा पहिला तास या मोकळ्या तीन-चार महिन्यांत तिने हा एक धडा आणि त्रिकोणमिती एवढंच हाताखालून घातलं तरी दिवाळी सुखाची जाईल.

'इंटिग्रेटेड' किंवा टाय-अप कॉलेजबद्दल माझं मत आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना आवडत नाही, तरी सांगतो. नाव एका कॉलेजात, मुलगी दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकल परीक्षेपुरतं. बारावीला फिजिक्समध्ये ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, आणि ते बहुतेकांना भरघोस पडतात, त्यामुळे कुणाचं काही बिघडलंय असं वाटत नाही. पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सीच्या लॅबमध्ये मुलगी व्हर्निअर कॅलिपर हातात धरते आणि शून्य कुठे वाचायचं ते तिला माहीत नसतं. शेजारच्या मुलीकडे बघून रीडिंग उतरवते, आणि पुढची सगळी वर्षं तशीच उतरवत जाते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्यांना त्रास झाला, त्यांतले बरेच असे होते. ज्यांनी यंत्र उघडलं, बिघडवलं, सरांचं बोलणं खाल्लं, ते रुळले.

शाखा कोणती निवडायची हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मामांच्या बोलण्यात ते आलेलंच आहे: लातूर म्हणजे नीट, नीट म्हणजे डॉक्टर. तिला कशात रस आहे हे नववीत ठरवायची गरज नाही. मी वेगळा नियम लावतो, दार कोणत्या निर्णयाने बंद होतं ते बघायचं. गणित सोडलं की सर्वात जास्त दारं बंद होतात. कॉमर्सला गेली तरी अकरावीत गणित आणि एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) यांतला पर्याय येतो, आणि "एसपी सोपं" म्हणून सगळा वर्ग तिकडे वळतो. गणिताशी तिचं फार वैर नसेल तर तिने गणित ठेवावं. पुढे स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, कॉम्प्युटर कुठेही ते विचारतात. आर्ट्सला गेली म्हणून काही संपत नाही. एनडीएच्या लष्कराच्या शाखेला बारावी कोणत्याही शाखेची चालते, पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीलाही चालते. पण आर्ट्सला जायचं तर ठरवून जावं, सायन्स झेपलं नाही म्हणून गेलेली मुलं तिथे पुस्तक उघडत नाहीत.

पॉलिटेक्निकला आपल्याकडे उगाच दुय्यम समजतात. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं, नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हाताने काम करायची आवड असेल आणि घरची ओढाताण असेल तर हा मार्ग मी स्वतःच्या भाच्याला सुचवला. फक्त पहिल्या सेमिस्टरचं बेसिक मॅथेमॅटिक्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं आणि तिथे मराठी माध्यमाची मुलं आपटतात, म्हणून वर सांगितलेलं वाचन त्यांनाही तेवढंच लागू. आयटीआयचंही तेच. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर झालेला मुलगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, हे आयटीआयला निघालेल्या दहांतल्या आठ घरांना माहीत नसतं. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण फार चुकीचा नसावा.

आणि तुमच्या गाई. तुम्ही त्यांचा उल्लेख घरची परिस्थिती सांगायला केलात, मला त्यात अभ्यास दिसला. डेअरीवर दूध घातल्यावर मिळणारी पावती तुमच्या मुलीने कधी नीट वाचली आहे का? फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लिटर, दर. गाईच्या दुधाचा दर बोलताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलतात, त्याच्या खाली गेलं की दर कापतात. तिला सांगा, घरातल्या मोबाइलवर एक्सेल किंवा गूगल शीट उघड आणि दहा दिवसांच्या पावत्या भर. सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी. मग डेअरीचं बिल आणि तिची बेरीज जुळते का बघू दे. फॅट कोणत्या दिवशी पडली, त्या दिवशी चारा काय होता, हे तिच्या वडिलांना विचारू दे. दोन महिने हे केलं तर तिला सरासरी कळेल, तक्ता कळेल, आलेख कळेल, आणि वडील तिच्याशी धंद्यातलं बोलायला लागतील. माझ्याकडे बीएस्सी झालेली मुलं नोकरीच्या अर्जासाठी सल्ला विचारायला येतात, त्यांना शीटमध्ये बेरजेचा फॉर्म्युला घालता येत नाही.

शिवाय दुधाचंच म्हणाल तर डेअरी टेक्नॉलॉजीचं बीटेक आपल्या राज्यात होतं. नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं उदगीरला आणि पुसदजवळ वरुडला आहेत. जनावरांची डॉक्टर व्हायचं तर नीटमधूनच प्रवेश. तिने हेच करावं असं नाही, पण डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन शब्दांच्या मधल्या जागेत काय काय आहे ते तिला घराच्या अंगणातून दिसू शकतं. सुट्टीत दोन दिवस गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दोन दिवस मोजणीवाल्याच्या मागे, एक दिवस बँकेत बसू द्या. लोक नाही म्हणत नाहीत. विचारायचं तिने, तुम्ही नाही.

एक लहानसं, पण मला रोज छळणारं. मुलांना ई-मेल लिहिता येत नाही. मी असाइनमेंट मेल करायला सांगतो तेव्हा येतं काय? विषयाची जागा मोकळी, मजकूर मोकळा, खाली वहीचा आडवा फोटो, आणि पाठवणाऱ्याचं नाव 'रॉयल किंग ००७'. हा कोण हे शोधायला मला हजेरीपट उघडावा लागतो. मुलीचं स्वतःच्या पूर्ण नावाचं एक साधं ई-मेल खातं उघडा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि पुढची चार वर्षं ते बदलू नका. सगळे प्रवेश, सगळ्या परीक्षा, सगळ्या शिष्यवृत्त्या त्याच खात्यावर आणि त्याच मोबाइल नंबरवर येणार आहेत. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकून फॉर्म भरलेली मुलगी मी पाहिली आहे. तिचा ओटीपी येत होता दुसऱ्या तालुक्यात.

कागदपत्रांचं आता नीट ऐका, कारण हुशार मुलींच्या जागा इथे जातात. शाळेच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवरचं नाव अक्षरशः एक हवं. वडिलांच्या नावात एकीकडे 'राव' आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही अडतं. नववीतच मुख्याध्यापकांकडे जाऊन जनरल रजिस्टरमधली नोंद बघा. दुरुस्ती आत्ता सोपी आहे, बोर्डाचं मार्कशीट छापून आल्यावर नाही. डोमिसाइल काढून ठेवा. आरक्षण लागू असेल तर जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांत गल्लत करू नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पडताळणीला जुने पुरावे लागतात. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीची नोंद शोधावी लागते, म्हणजे बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा दाखला. तो ट्रंकेत आहे की वाळवीने खाल्लाय हे आजच बघा. नॉन-क्रीमी लेअरच्या, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याच्या, दाखल्यावर वैधतेची तारीख ३१ मार्चची असते, ती कोणत्या वर्षाची हे वाचल्याशिवाय पाकीट बंद करू नका.

पैशाचंही सांगतो, कारण मुलीच्या बाबतीत घरात पहिली शंका तीच निघते. राज्य सरकारने २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून प्रवेश घेतलेला असायला हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. होस्टेल आणि मेसचा खर्च यात धरू नका, तो आपलाच, त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दरवर्षी करावा लागतो आणि बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. एकदा भरला, झालं, असं समजून दुसऱ्या वर्षी फी भरत बसलेली घरं आहेत.

नियम बदलतात हेही लक्षात असू द्या. २०२४ साली बीबीए, बीसीए, बीएमएसला पहिल्यांदाच सीईटी आली. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो या समजुतीत कितीतरी मुलांनी फॉर्मच भरला नाही, मग त्याच वर्षी सरकारला जादा सीईटी घ्यावी लागली. म्हणून दहावीपासून एक सवय लावा: प्रवेशाची माहिती व्हॉट्सॲपवरून घ्यायची नाही, सीईटी सेलच्या साइटवरची माहितीपुस्तिका मुलीने स्वतः वाचायची आणि तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. ती लांबलचक, कंटाळवाणी पुस्तिका वाचणं हा तिच्या आयुष्यातला पहिला कार्यालयीन अभ्यास समजा. त्यातच तिला कळेल की ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के नव्हेत, आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना 'मिळेल ते आधी' असं लावायचं नसतं, 'हवं ते आधी' असं लावायचं असतं. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, मग दुसऱ्या क्रमांकावरचं आवडतं कॉलेज रडून मिळत नाही.

राहिलं लातूर. मामांना वाईट वाटायला नको. लातूरला नीटची तयारी जोरात होते हे खरंच आहे, तिथे शिस्त आहे, सराव आहे. पण सोळाव्या वर्षी खोली घेऊन राहणं, मेसचं जेवण, दर आठवड्याला भिंतीवर लागणारा टेस्टचा क्रमांक, हे सगळ्यांना मानवत नाही. गावात पहिली येणारी मुलगी तिथे चारशेवी येते आणि ते घरी फोनवर सांगत नाही. म्हणून दहावीच्या परीक्षेनंतर तिला महिनाभर एखाद्या नातेवाइकाकडे शहरात ठेवून बघा. कपडे तिने धुवायचे, महिन्याचे पैसे तिच्या हातात, रोजचा खर्च तिने लिहायचा, रोज चार तास स्वतः होऊन अभ्यासाला बसायचं, आणि तुम्ही दिवसातून एकदाच फोन करायचा. महिन्याच्या शेवटी पैशाची वही आणि अभ्यासाची वही दोन्ही बघा. वह्या भरलेल्या असतील आणि नीट द्यायचीच आहे असं तीच म्हणत असेल, तर मामांनी खोली शोधायला घ्यावी. आणि ती म्हणाली की मला इथूनच बसने जाऊन शिकायचंय, तर त्या ७० हजारांतून आधी एक चांगलं टेबल, खुर्ची आणि इन्व्हर्टर घ्या.